पाण्याचा सर्वांत वरचा थर कसा मोजतात

(दृश्य: लेझरच्या टेबलावर पाण्याने भरलेली टेफ्लॉनची उथळ थाळी)

पाण्यावर नुसता इन्फ्रारेड किरण टाकला, तर उत्तर येतं ते खोलातल्या रेणूंचं. पृष्ठभागावरचे एक-दोन थर त्या गर्दीत ऐकूच येत नाहीत. म्हणून इथे दोन किरण लागतात: एक इन्फ्रारेड आणि दुसरा ८०० नॅनोमीटरचा. या दुसऱ्याला सगळे ‘व्हिजिबल’ म्हणतात, डोळ्यांना तो जेमतेम दिसत असला तरी.

दोन्ही एका जागी, एका क्षणी पडले की त्यांच्या वारंवारतांच्या बेरजेचा तिसरा किरण निघतो. पाण्याच्या आत रेणूंची तोंडं सगळ्या दिशांना असतात, त्यामुळे तिथे ही बेरीज जवळजवळ पूर्ण खोडली जाते. पृष्ठभागावर वर हवा, खाली पाणी. तिथे ती उरते. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या वाय. आर. शेन यांच्या गटाने १९८७ मध्ये या पद्धतीने पृष्ठभागावरच्या रेणूंची कंपनं टिपली आणि १९९३ मध्ये शुद्ध पाण्याचा वर्णपट दिला.

(दृश्य: सोन्याचा मुलामा दिलेला आरसा, त्यावर दोन ठिपके)

जुळणीची सुरुवात पाण्यावर करू नये. आधी सोन्याचा आरसा ठेवायचा, कारण त्याचा सिग्नल भरपूर असतो. नमुन्याच्या जागी बारीक छिद्राची चकती धरून दोन्ही किरण त्यातून जातात का ते पाहायचं. मग वेळ जुळवायची. दोन्ही किरण म्हणजे लेझरचे क्षणिक स्पंद (पल्स). व्हिजिबल स्पंदाची वारंवारतांची रुंदी १० वेव्हनंबर (एका सेंटिमीटरात किती लहरी मावतात तो आकडा) इतकी अरुंद केली की तो सुमारे दीड पिकोसेकंद (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग) लांबतो. इन्फ्रारेड स्पंद असतो १०० फेम्टोसेकंदांच्या, म्हणजे ०.१ पिकोसेकंदाच्या आसपास. डिले स्टेज (किरणाची वाट लांब-आखूड करणारी सरकती आरशांची पट्टी) ०.१५ मिलिमीटर सरकली की १ पिकोसेकंदाचा फरक पडतो.

व्हिजिबल लंबापासून ४५ अंशांवर आणि इन्फ्रारेड ५७ अंशांवर असेल, तर ३७०० वेव्हनंबरला तिसरा किरण साधारण ४७.५ अंशांवर, ६१७ नॅनोमीटरला निघतो. म्हणजे परावर्तित व्हिजिबलपासून अडीच अंश. एका मीटरवर सुमारे ४.४ सेंटिमीटर. आयरिस (लहान-मोठं करता येणारं छिद्र) तिथे लावायचा, पुढे ८०० नॅनोमीटर अडवणारे फिल्टर.

मग पाणी. खरी डोकेदुखी इथे आहे.

(दृश्य: पाण्याची पातळी दाखवणारा सेन्सर)

पाणी उडतं, पातळी खाली जाते. ती ०.१ मिलिमीटर घसरली की दोन ठिपके एकमेकांपासून सुमारे ५४ मायक्रॉन दूर जातात, कारण दोघांचे कोन वेगळे. सिग्नल हळूहळू उतरतो आणि लेझरलाच दोष दिला जातो. उंचीचा सेन्सर लावून पाण्याची भर घालत राहणं हा उपाय. इन्फ्रारेड वरच्या मायक्रॉनभर थरातच शोषला जातो, त्यामुळे तिथलं पाणी तापतं. म्हणून थाळी फिरती ठेवतात. हवेतली वाफही ३७०० च्या आसपासचा इन्फ्रारेड खाते. किरणाची वाट बंदिस्त करून कोरडा नायट्रोजन सोडला नाही, तर वर्णपटात दातेरी खाचा दिसतात.

घाण मात्र सगळ्यांत फसवी. १८.२ मेगाओमचं (इतका विद्युतरोध असलेलं) पाणी म्हणजे निर्मळ, असं धरून चालू नका. तो आकडा आयन मोजतो, तेलकट रेणू नाही. सेंद्रिय कार्बनचा आकडा वेगळा पाहावा लागतो. मीठ विरघळवायचं असेल तर ते आधी ५०० अंश सेल्सिअसच्या वर भाजून घ्यायचं. पहिली नोंद २८०० ते ३००० वेव्हनंबरची घ्यावी, तेलकट रेणू तिथेच दिसतात. २८५० किंवा २९४० ला उंचवटा दिसला, की थाळी पुन्हा धुवायला न्यावी.

(दृश्य: संगणकावर वर्णपट)

इन्फ्रारेड अडवून घेतलेली पार्श्वभूमी वजा करायची, मग पाण्याच्या जागी क्वार्ट्झचा स्फटिक ठेवून संदर्भ म्हणून घेतलेल्या वर्णपटाने भागायचं. ३७०० ला टोकदार शिखर: हवेत मोकळा राहिलेला ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजन) बंध. ३००० ते ३६०० मधला रुंद उंचवटा: हायड्रोजन बंधांत गुंतलेले.

पण ही तीव्रता म्हणजे मूळ सिग्नलचा वर्ग (स्क्वेअर). त्यात चिन्ह हरवतं, हायड्रोजन वर की खाली ते कळत नाही. त्यासाठी संदर्भकिरण मिसळून कला (फेज) मोजतात. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रातही या हेटरोडाइन पद्धतीवर काम होतं. ऋणभारित साबणरेणू पसरले की पाण्याचे हायड्रोजन वर वळतात, धनभारित असले की खाली. आलेखात चिन्ह उलटतं. मात्र क्वार्ट्झ आणि पाणी यांच्या उंचीत १० मायक्रॉनचा फरक राहिला तरी कला कित्येक अंशांनी सरकते, आणि वर्णपटाचा आकारच बदलतो. म्हणून क्वार्ट्झ काढून पाणी ठेवलं की पहिलं काम सेन्सरवरची उंची जुळवणं.