फळमाशीचं घड्याळ अंधारात तपासावं

श्रोतेहो, नमस्कार. पिकलेल्या केळ्यांभोवती घिरट्या घालणारं चिलट म्हणजे ड्रोसोफिला, प्रयोगशाळेतली फळमाशी. आंब्यात अळ्या करणारी बागायतदारांची फळमाशी वेगळी. ड्रोसोफिला सकाळ-संध्याकाळ जास्त हिंडते. तिला अखंड अंधारात ठेवलं, तरी हिंडण्या-थांबण्याचं तिचं चक्र साधारण 24 तासांनी फिरतंच. म्हणजे घड्याळ तिच्या शरीरातच आहे.

1971 मध्ये कॅलिफोर्नियात रोनाल्ड कोनोप्का आणि सेमूर बेन्झर यांनी रसायन देऊन उत्परिवर्तित, म्हणजे जनुकांत बदल झालेल्या, माश्या मिळवल्या. एका वाणाचं चक्र 19 तासांचं, दुसऱ्याचं 28, तिसऱ्याला चक्रच नाही. तिन्ही बिघाड एक्स गुणसूत्रावर एकाच जागी निघाले. नुसतं चक्र बंद पडलं असतं, तर माशी आजारी असेल असं म्हणता आलं असतं. पण एकाच जनुकातल्या बदलांनी वेळ घटतेही आणि वाढतेही, हे आजारपणात बसत नाही. ते जनुक म्हणजे पिरियड.

क्लॉक आणि सायकल ही प्रथिनं पिरियड व टाइमलेस ही जनुकं चालू करतात. पिरियड प्रथिन मात्र लगेच साठत नाही, कारण डबलटाइम नावाचं विकर त्याला फॉस्फेट चिकटवून नाशाकडे नेतं. टाइमलेसची जोड मिळाली की ते टिकतं, रात्री पेशीकेंद्रात शिरतं आणि स्वतःचंच जनुक बंद करतं. सगळी मेख या उशिरात आहे. तो नसता तर प्रथिन एका पातळीवर स्थिरावलं असतं. उजेड पडला की क्रिप्टोक्रोम या प्रकाश ओळखणाऱ्या प्रथिनामुळे टाइमलेस नष्ट होतं.

माशीची हालचाल मोजण्यासाठी 5 मिलिमीटर व्यासाच्या काचनळीत एकेक माशी ठेवतात. एका टोकाला 5 टक्के साखर आणि 2 टक्के अगार (जेलीसारखा घट्टपणा देणारा पदार्थ) यांचं खाद्य, त्यावर मेणाची बूच. दुसऱ्या टोकाला कापूस. मेण नीट बसलं नाही तर खाद्य सुकतं आणि माशी मरते. मधून अवरक्त किरण जातो. माशीने तो तोडला की एक नोंद. 25 अंश सेल्सिअसला तीन-चार दिवस 12 तास उजेड, 12 तास अंधार. मग किमान आठवडाभर पूर्ण अंधार. हा टप्पा गाळू नका. दिवे लागताना-विझताना घड्याळ नसलेली माशीही दचकून हलते आणि आलेख फसवा लयबद्ध दिसतो. बेशुद्ध करून भरलेल्या माशीचा पहिला दिवस सोडून द्यावा. शेवटी सलग शून्यं दिसली तर ती माशी लयहीन नव्हे, मेलेली आहे.

नरच घ्यावेत. मादी अंडी घालते आणि अळ्या किरणाच्या आड येतात. शिवाय नराकडे एक्सची एकच प्रत असते, ती आईकडून आलेली. म्हणून पिरियडचा बिघाड मुलग्यांत पाहायचा, तर संकरात उत्परिवर्तित वाणाची मादी हवी. तिथे नर घेतला, तर सगळे मुलगे ठणठणीत निघतील.