नळीवरचा पांढरट थर

पडद्यावर दिसणारा हा ओबडधोबड कडा म्हणजे रुग्णाची लघवी बाहेर काढण्यासाठी मूत्राशयात घातल्या जाणाऱ्या नळीच्या (कॅथेटरच्या) टोकाजवळील छिद्राची किनार आहे. हाताला गुळगुळीत लागणाऱ्या या नळीवर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली खाचा आणि चिरा दिसतात, आणि जिवाणूंना पहिला थारा बहुधा तिथेच मिळतो.

मात्र जिवाणूंची गाठ नळीच्या कोऱ्या सिलिकॉनशी क्वचितच पडते. नळी मूत्राशयात पोहोचल्यावर थोड्याच वेळात लघवीतील प्रथिने आणि क्षार तिच्यावर बसू लागतात. नळी अस्तराला घासून दाह झाला की, एरवी जखमेतील रक्त गोठवण्याच्या कामी येणारे फायब्रिनोजेन हे प्रथिनही पाझरून तिच्यावर पसरते. एन्टेरोकोकस फीकॅलिस हा जिवाणू आपल्या अंगावरील सूक्ष्म तंतूंनी नेमके हेच प्रथिन पकडतो. कँडिडा अल्बिकन्स ही बुरशीदेखील त्यालाच धरते. चित्रातील गोल पेशींतून फुटलेले लांब धागे तिचेच आहेत. चिकटलेल्या पेशी वाढत जातात, स्वतःभोवती बुळबुळीत द्रव्य सोडतात आणि जैवपटल तयार होते. त्याच्या आतील जिवाणूंवर प्रतिजैविकांची मात्रा फारशी चालत नाही.

आता ही उभी चिरलेली नळी पाहा. तिच्या आत साचलेला थर हे मुख्यतः प्रोटियस मिराबिलिस या जिवाणूचे काम आहे. या जिवाणूचे यूरिएज हे विकर लघवीतील युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करते, त्यामुळे लघवी अल्कधर्मी होते आणि एरवी विरघळलेले राहणारे मॅग्नेशियम व कॅल्शियमचे फॉस्फेट स्फटिकरूपाने खाली बसते. शवपेटीच्या झाकणासारखे दिसणारे मोठे स्फटिक स्ट्रुव्हाइटचे, म्हणजे मॅग्नेशियम व अमोनियम यांच्या फॉस्फेटचे आहेत. त्यांच्या फटींतून डोकावणाऱ्या कांड्या म्हणजे जिवाणू. अशी नळी तुंबते, लघवी मागे साचते, आणि संसर्ग मूत्रपिंडात किंवा रक्तात गेला तर रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

नळी राहील त्या प्रत्येक दिवशी लघवीत जिवाणू आढळू लागण्याची शक्यता साधारण ३ ते ७ टक्के असते. महिनाभर राहिलेल्या नळीत ते जवळपास हमखास सापडतात. नळी घालण्याचे कारण नोंदवहीत लिहिलेले असते, परंतु ती अजून का ठेवली आहे, हे रोज विचारले जातेच असे नाही.

या खाटेपाशी आज ते विचारले गेले आहे. परिचारिका नळीला मूत्राशयात अडकवून ठेवणाऱ्या छोट्या फुग्यातील पाणी सिरिंजने काढून घेते आणि नळी अलगद बाहेर येते. तिच्या टोकावरील पांढरट थर साध्या डोळ्यांनाही दिसतो.