आधी चटणीची बरणी, मग पितळी घागर

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापुरात कुणाचं स्वयंपाकघर आखून द्यायचं असलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'वर्षाची चटणी किती किलोची करता?' घरचे आधी हसतात. मग कुणी पाच म्हणतं, कुणी दहा, आणि पुण्या-मुंबईला लेकीकडे डबा जात असेल तर आकडा आणखी वर सरकतो.

हल्ली बऱ्याच जणांना स्वयंपाकघराला 'पारंपरिक लूक' हवा असतो. मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवलेले असतात. पितळी घागरींची रांग, भिंतीवर सूप, कोपऱ्यात जातं. त्या फोटोंत चटणीची बरणी कुठंच नसते! माझं म्हणणं एवढंच की जुनं स्वयंपाकघर कुणी सजवलं नव्हतं, ते कामाच्या सोयीनं घडत गेलं. नक्कल करायचीच तर त्या सोयीची करावी.

बरणीचंच घ्या. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, कांदा-लसूण, खोबरं, तीळ, धणे भाजून डंकावर नेलेली चटणी वर्षभर टिकवायची असते. उजेडानं तिचा रंग उडतो, ओलीनं बुरशी धरते. म्हणून चिनी मातीची बरणी, वर हिंगाचे खडे, तोंडाला घट्ट दादरा, आणि जागा अंधारी, कोरडी. आज त्यासाठी ओट्याखाली, सिंक आणि गॅस दोन्हींपासून लांब, कडाप्प्याचा एक खण ठेवावा आणि त्याची उंची बरणी मोजून मगच ठरवावी. भरलेली बरणी डोक्यावरच्या कपाटात ठेवू नये, ती उतरवताना कुणाचा तरी पाय जायबंदी व्हायचा.

आता ओटा. आपल्या आज्या बसून रांधायच्या, आपण उभ्यानं रांधतो. त्यामुळं चुलीची हुबेहूब नक्कल करण्यात अर्थ नाही. पण चुलीच्या शेजारचा वैल आठवतो का? मुख्य चुलीच्या धगीवरच तिथं आमटी रटरटत राहायची, वेगळं जळण लागायचं नाही. रविवारी तांबडा, पांढरा आणि सुकं एकाच वेळी करणाऱ्या घरात ही जागा फार मोलाची. म्हणून गॅसच्या एका अंगाला दीड-दोन फूट ओटा मोकळा सोडा. तिथं मिक्सर नको, फुलदाणी तर नकोच. उतरवलेलं पातेलं टेकवायला ती जागा लागते.

ओट्याची उंची साधारण बत्तीस ते चौतीस इंच धरतात. भाजी चिरायला, ढवळायला ती ठीक आहे. पण त्याच उंचीवर ज्वारीची भाकरी थापून बघा. खांदे वर चढतात, हाताला जोर मिळत नाही. भाकरी ही जमिनीवर परात घेऊन, अंगाचा भार देऊन थापायची गोष्ट. म्हणून जागा असेल तर ओट्याचा अडीच फुटांचा एक तुकडा चार इंच खाली घ्या. कणीकही तिथंच मळता येते. गवंडी कुरकुर करतो, 'वैनी, लेव्हल बिघडतीया' म्हणतो. बिघडू द्या.

दगडाबद्दल थोडं. शहाबादी फरशी आणि कडाप्पा हे दोन्ही चुन्याच्या जातीचे दगड. लिंबू, चिंच, व्हिनेगर सांडून तसंच राहिलं की पांढुरका डाग पडतो, आणि फरशी धुवायचं अॅसिड तर त्यांचा शत्रूच. सांडलं की लगेच पुसावं, अधूनमधून खोबरेल तेलाचा हात फिरवावा, काळा रंग पुन्हा उठून दिसतो. ग्रॅनाइटला हा व्याप नाही, हे मान्य. पण कडाप्पा वापरून वापरून जसा मऊ चकाकतो, तसं ग्रॅनाइट मला कधी वाटलेलं नाही.

पंचगंगेच्या पुराचा विषय इथं टाळता येत नाही. राजाराम बंधाऱ्यावर त्रेचाळीस फूट ही धोक्याची पातळी, आणि २०१९ आणि २०२१ साली पाणी तिच्या कितीतरी वर गेलं. शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीसारख्या सखल भागात घरात पाणी शिरलं की भुश्याच्या पाट्यांची कपाटं फुगून उकलतात, दारं बंद होत नाहीत. दगडी कप्पे आणि स्टीलच्या जाळ्या धुऊन-पुसून पुन्हा कामाला लागतात. पूररेषेजवळ राहणाऱ्यांनी ओट्याखालचा भाग जुन्या पद्धतीनं, दगडी कप्प्यांचाच करावा आणि प्लगचे पॉइंट वर घ्यावेत. तिथं हौसेपेक्षा व्यवहार बघावा.

घागरींची हौस मी मोडत नाही. फक्त त्या गॅसच्या वर मांडू नका. फोडणीचा तेलकट धूर बसला की महिन्याभरात त्या कळकट दिसतात आणि घासणार कोण, यावरून घरात वाद. समोरच्या भिंतीवर फळी ठोका. जी भांडी खरंच वापरणार, त्यांना कल्हई हवीच. कल्हईवाला भांडं तापवतो, नवसागर टाकतो, पांढरा धूर भसकन उठतो, कथलाची कांडी आतून टेकवतो आणि कापसाच्या बोळ्यानं एका फिरक्यात सगळं रुपेरी करतो. बिनकल्हईच्या तांब्या-पितळेत ताक, चिंच, आमसूल ठेवू नये. आणि शोभेच्या भांड्यांवर लॅकरचा थर असतो, त्यांत काही शिजवू नये.

उजेडाचंही बघा. जुन्या घरात काचेचं एखादं कौल असायचं, त्यातून तिरीप यायची, बाकी अंधारच. तेवढं मात्र जुन्यातलं घेऊ नका. लाकडी रंगाचं लॅमिनेट आणि पिवळे मिणमिणते दिवे लावून फ्लॅटमध्ये वाड्याचा भास होत नाही, तांदळातला खडा तेवढा दिसायचा राहतो.

भाड्याच्या घरात यातलं फार काही जमणार नाही. तिथं एक ताटाळं, एक बरणी आणि भाकरीसाठी बुटकं टेबल एवढं पुरे.

राहता राहिला पाटा-वरवंटा. ठेवायचा तर वापरायच्या बोलीवर ठेवा. वरच्या मजल्यावर असाल तर त्याखाली जाड रबर घाला. नाहीतर रविवारी सकाळी खालचे शेजारी जिना चढून येतील. तोवर रश्श्याचा वास सुटला असेल, तर ते भांडायला आले की जेवायला, ते मी सांगू शकत नाही.

नमस्कार.