नाव मिळालं, ग्रह हरवला

ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रात्री, जेवणं आटोपली की गच्चीवरून दक्षिणेकडे बघा. आकाशाचा तो भाग ओकाबोका असतो. त्यात एकच ठसठशीत तारा दिसतो, फोमलहॉट. अंतर २५ प्रकाशवर्षं, म्हणजे तसा शेजारीच.

१९८३मध्ये आयरास हा उपग्रह अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा उष्णतेचा प्रकाश टिपणारी दुर्बीण घेऊन आकाशात गेला. उपकरणांची मापं जुळवायला आपला अभिजित तारा निवडला होता. त्याच्याकडून अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त अवरक्त प्रकाश येत होता. ही होती ताऱ्याभोवतीच्या ऊबदार धुळीची खूण. फोमलहॉटभोवतीही तशीच धूळ सापडली.

पण फोमलहॉटचं वय सुमारे ४४ कोटी वर्षं. त्याच्या जन्मावेळची धूळ एव्हाना उरायलाच नको. अगदी बारीक कणांना ताऱ्याचा प्रकाशच बाहेर रेटतो, जरा मोठे कण हळूहळू ताऱ्याकडे घसरत जातात. तरी धूळ आहे, याचा अर्थ तिथलं जातं अजून फिरतंय. धूमकेतूंसारखे बर्फाळ गोळे एकमेकांवर आदळून फुटतात, त्यांचे तुकडे पुन्हा आदळतात. ग्रह घडून गेल्यावर उरलेला हा माल.

आता हबल दुर्बिणीचं चित्र पाहा. मधला तारा मुद्दाम झाकलाय, नाहीतर त्याच्या झगमगाटात काहीच दिसलं नसतं. भोवती धुळीचं रेखीव कडं, ताऱ्यापासून किंचित सरकलेलं. आणि कड्याच्या आतल्या बाजूला एक ठिपका. २००४ आणि २००६च्या चित्रांत तो जागा बदलताना दिसला. २००८मध्ये ग्रह सापडल्याची घोषणा झाली, २०१५मध्ये त्याला 'डेगॉन' हे नावही मिळालं. बारसं जरा घाईतच उरकलं म्हणायचं.

कारण ग्रहाला स्वतःची ऊब असते, आणि या ठिपक्याचा अवरक्त प्रकाशात काही केल्या माग लागेना. २०१४च्या चित्रांत तर तो दिसेनासाच झाला. २०२०मध्ये दोन खगोलशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला: तो ग्रह नव्हताच. दोन मोठे गोळे आदळून उडालेला तो धुरळा होता, पसरत पसरत विरून गेलेला.

अशी मोठी टक्कर लाखभर वर्षांत एखादी व्हावी, असा अंदाज होता. पण २०२३च्या चित्रात त्याच कड्याजवळ हबलला आणखी एक नवा ठिपका दिसला.