२७ मीटर डावीकडे

श्रोतेहो, नमस्कार.

संकष्टीला ताट वाढून ठेवून गच्चीत चंद्राची वाट पाहणाऱ्या आपल्या पुणे शहराला चंद्रोदयाची वेळ पाहण्याची सवय नव्याने लावावी लागत नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ती छापलेलीच असते. त्याच वेळेला कॅमेरा घेऊन उभे राहणाऱ्यांची तक्रार मात्र ठरलेली असते: डोळ्यांना परातीएवढा दिसलेला चंद्र फोटोत टिकलीएवढा उतरतो. दोष कॅमेऱ्याला दिला जातो, नवे, महाग लेन्स घेतले जाते, आणि पुढच्या पौर्णिमेला टिकली जराशी मोठी होते, इतकेच.

खरे सांगायचे तर इथे कॅमेरा प्रामाणिक असतो. क्षितिजावरचा चंद्र मोठा वाटतो हा आपल्या मेंदूने करून घेतलेला समज आहे. हात लांब करून चिमटीत हरभऱ्याचा दाणा धरला, तर उगवता चंद्र त्यामागे झाकला जातो आणि मध्यरात्री डोक्यावर आलेला चंद्रही तेवढ्याच दाण्यामागे झाकला जातो. उलट, उगवताना तो डोक्यावर असतानापेक्षा आपल्यापासून जवळजवळ पृथ्वीच्या त्रिज्येइतका, म्हणजे सहा हजारांहून अधिक किलोमीटर, जास्त दूर असतो, त्यामुळे त्याचे बिंब दीडेक टक्क्याने लहानच असते. शिवाय क्षितिजालगतच्या दाट हवेतून येताना बिंबाच्या खालच्या कडेचा प्रकाश वरच्या कडेपेक्षा जास्त वाकतो आणि चंद्र किंचित चपटा दिसतो. निळा प्रकाश वाटेतच विखुरला जात असल्याने त्याला तांबूस रंग चढतो. चपटेपणा आणि रंग या दोन्ही गोष्टी फोटोत उतरतात. आकाराचा भास तेवढा उतरत नाही.

मग वर्तमानपत्रांत देवळाच्या शिखरामागे भलामोठा चंद्र दिसतो तो कसा? चंद्राचे बिंब आकाशात साधारण अर्ध्या अंशाचे असते आणि आपण कुठेही उभे राहिलो तरी ते तेवढेच राहते. लहान-मोठे करता येते ते शिखर. आपण जितके मागे जाऊ तितके शिखर लहान होते, आणि वस्तूच्या उंचीच्या सुमारे ११० पट अंतरावर गेलो की ती वस्तू बिंबाच्या बरोबरीची दिसते. दीड मीटर उंचीचे मूल चंद्रात मावायला हवे असेल, तर त्याच्यापासून दीडशेहून अधिक मीटर दूर जावे लागते. देऊळ असेल तर किलोमीटरची भाषा सुरू होते. लांब पल्ल्याचे लेन्स लागते ते त्यानंतर, इतक्या दुरून घेतलेले दृश्य जवळ ओढण्यासाठी. मी स्वतः पहिल्या वर्षी पर्वतीच्या, म्हणजे माथ्यावर देऊळ असलेल्या आपल्या टेकडीच्या, अगदी पायथ्याशी तिपाई लावली होती. फोटोत पायऱ्या आल्या, झाडे आली, विजेचा खांबही आला, आणि चंद्र कुठे आहे हे घरच्यांना बोट ठेवून दाखवावे लागले.

पुण्याचे भाग्य असे की वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, चतु:शृंगी या आपल्या टेकड्या शहराच्या पश्चिमेला आहेत आणि चंद्र पूर्वेला उगवतो, म्हणजे तिकडून पाहिले की तो शहरामागून वर येतो. परंतु पूर्व म्हणजे नेमकी कुठली, हे महिन्यागणिक बदलते. हिवाळ्यातली पौर्णिमा पूर्वेच्या उत्तरेला सरकून उगवते, तर उन्हाळ्यातली दक्षिणेला. कर्वेनगरच्या बाजूने पाहिले तर पर्वती पूर्वेपासून सुमारे वीस अंश उत्तरेकडे येते, म्हणून तिथून पर्वतीमागचा चंद्र हवा असेल तर त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपासचे दिवस धरावेत. वैशाखात त्याच जागी उभे राहणाऱ्याच्या पदरी निराशा येईल.

दुसऱ्या वर्षी मी हा सगळा हिशेब करून कर्वेनगरातल्या एका स्नेह्यांच्या गच्चीवर गेलो. पर्वतीपर्यंतचे अंतर तीन किलोमीटर, म्हणजे तिथे चंद्राच्या बिंबाची रुंदी २७ मीटर जागेएवढी. नकाशावर पट्टी ठेवून चंद्रोदयाची दिशा आणि शिखर एका रेषेत आणले होते. चंद्र आला तो शिखराच्या उजवीकडे, पूर्ण एक बिंब सरकून, शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागे. चूक माझीच होती. छापलेली दिशा आणि वेळ ही सपाट क्षितिजाची असते. पर्वतीचा माथा मात्र माझ्या नजरेच्या पातळीपेक्षा दीड अंश वर होता. तेवढे चढायला चंद्राला सात-आठ मिनिटे लागतात आणि आपल्या अक्षांशावर तो सरळ न चढता उजवीकडे कलत चढतो: तीन अंश वर, तर एक अंश दक्षिणेला. दीड अंशाला अर्धा अंश, म्हणजे नेमके एक बिंब. मला २७ मीटर डावीकडे सरकायला हवे होते आणि गच्ची होती जेमतेम बारा मीटरची. कठड्याला पोट टेकवून, मान वाकडी करून जे करता आले ते केले, पण टाकी काही हलली नाही. तेव्हापासून मी गच्ची सोडून रस्ता धरला आहे.

वेळेबद्दल एक बारीक गोष्ट. दिनदर्शिकेत मुंबईची वेळ दिली असेल, तर पुण्यात चंद्र साधारण चार मिनिटे आधी उगवतो, कारण आपण एक अंश पूर्वेला आहोत. रोजचा चंद्रोदय मात्र आदल्या दिवसापेक्षा सरासरी पन्नास मिनिटे उशिराने होतो. म्हणूनच चतुर्दशीचा चंद्र सूर्य मावळण्यापूर्वी वर येतो, तेव्हा देवळावर अजून उजेड असतो आणि दोन्हींचे तपशील एकाच फोटोत मिळतात. संकष्टीचा चंद्र कितीही देखणा असला तरी तो रात्री काळ्या आकाशात येतो. त्या वेळी देऊळ नीट दिसेल असे केले तर चंद्राचा पांढरा पापड होतो.

कॅमेऱ्याला स्वयंचलित मोजमाप करू दिले तरीही नेमके हेच होते. चंद्र हा उन्हात पडलेला खडक आहे हे लक्षात ठेवून सगळे आकडे हाताने लावावेत. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ४००, ऍपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ ८ आणि शटर (ते उघडे राहण्याचा वेळ) १/१२५ सेकंद इथून सुरुवात करावी. धुरकट हवेत चंद्र मंद असतो, तेव्हा उजेड वाढवावा आणि तो जसजसा वर येईल तसतसा कमी करत जावे. फोकस चंद्र दिसण्याआधीच शिखरावर लावून ठेवावा. दिवसभर तापलेल्या पत्र्यांवरून येणाऱ्या हवेने बिंबाची कड पाण्यात पडल्यासारखी थरथरते, त्यावर एकापाठोपाठ पुष्कळ फोटो काढून त्यातला स्थिर निवडणे एवढाच उपाय आहे. आणि शहराच्या धुरळ्यात चंद्र कित्येकदा क्षितिजावर दिसतच नाही, दोन-तीन अंश वर आल्यावर अचानक उमटतो. अशा दिवशी पर्वतीचा बेत सोडून द्यावा लागतो.

तिसऱ्या वर्षी हवा स्वच्छ होती. मी फूटपाथवर, एका पंक्चरवाल्याच्या दुकानासमोर उभा होतो आणि शिखर बिंबाच्या मधोमध आले ते जेमतेम दोन मिनिटांसाठी. घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला तेव्हा शिखराच्या खाली, कठड्याशी, एक माणूस दिसला. चंद्राच्या तांबूस तुकड्यावर त्याची काळी आकृती नखाच्या टोकाएवढी होती. हात वर केलेला होता आणि हातात मोबाईल असावा. तोही चंद्राचाच फोटो घेत होता.