कोरडी जमीन, शिजवलेला कुळीथ

(पडद्यावर : अलिबागचा किनारा, ओहोटी. वाळूवर घोडागाडीच्या चाकोऱ्या.)

कोकण ही घोड्याची भूमी नव्हे. चार महिन्यांचा पाऊस, खारा वारा आणि चाऱ्याला भाताचा पेंढा, यातलं एकही घोड्याला मानवत नाही. तरी अलिबाग-मुरूडच्या रस्त्यांवर टांगे धावले आणि त्यांच्यामागे भाड्याच्या घोड्यांचे तबेलेही चालले. आता वाळूवरच्या घोडागाड्या सोडल्या तर त्यातलं फारसं उरलेलं नाही.

घोडा इथं बाहेरूनच आला. १५व्या शतकात रशियन व्यापारी अफानासी निकितिन गलबतानं अलिबागजवळच्या चौल बंदरात उतरला, तेव्हा विकायला एक घोडा बरोबर घेऊन आला होता. या मुलखात घोडे जन्मत नाहीत, त्यांना हरभरे चारतात, साखर-तूप घालून खिचडी शिजवून देतात, असं त्यानं लिहून ठेवलंय. पावसाळ्यात तो जुन्नरला अडकला आणि घोडा अखेर विकला बीदरला. माल बंदरात, गिऱ्हाईक घाटावर. टांग्यांच्या काळात ही वाट उलटली. तट्टं घाटावरून खाली येऊ लागली.

(पडद्यावर : घोड्याचा उघडलेला जबडा, जवळून.)

घोडं पारखायचं ते दातावरून. पुढचे दुधाचे दात पडून पक्के येतात ते मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास, शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला. पाचव्या वर्षी तोंड भरतं. खालच्या दातांच्या माथ्यावरचे काळे खळगे मग सहा, सात, आठ अशा क्रमानं झिजून जातात. त्यापुढे अंदाज कठीण, आणि दलालाची लबाडीही इथंच चालते. म्हाताऱ्या घोड्याच्या दातात खळगा कोरून तो तापल्या सळीनं काळा करायचा, की घोडं तरुण! पण खऱ्या खळग्याभोवती दंतवल्काचं पांढरट कडं असतं, कोरलेल्याला ते नसतं. दुसरी युक्ती म्हणजे शेपटीखाली आलं चोळणं. आग झाली की मरतुकडं जनावरही शेपूट उचलून ऐटीत चालतं. जाणता गिऱ्हाईक म्हणून घोडं थोडा वेळ नुसतं उभं करून ठेवतो, मग कडक जमिनीवर पळवतो, मागे सरकवून बघतो, चारही पाय उचलून पाहतो. भाव मात्र तोंडानं नाही, रुमालाखाली बोटं धरून ठरायचा.

खरी कसोटी तबेल्यात. जमीन जांभ्याची असेल तर घोड्याचं मूत दगडात मुरतं आणि त्याचा उग्र वास कोंडून राहतो. त्यानं डोळे चुरचुरतात, छाती बिघडते. म्हणून जमिनीला गटाराकडे उतार हवा आणि वरचं अंथरूण रोज उलटायला हवं. पावसात ओल्या शेणात उभ्या घोड्याचं खूर कुजतं. तळव्यातल्या त्रिकोणी गादीच्या कडेच्या खाचा काळ्या पडतात, सडका वास येतो. उपाय साधा, पण रोजचा : आकडीनं खूर साफ करायचं, कोरडं करायचं, खाचेत मोरचुदाचं पाणी सोडायचं. चार दिवस आळस केला की घोडं लंगडतं.

खुराक ही तर निराळीच गोष्ट. ३०० ते ३५० किलोच्या तट्टाला दिवसाला सहा-सात किलो सुकं गवत लागतं, आणि कामाचं घोडं असेल तर त्यावर दोन-तीन किलो चंदी, म्हणजे दाणा, तीही दोन-तीन वेळा विभागून. कोकणात स्वस्त काय, तर पेंढा आणि भाताचा कोंडा. निव्वळ त्यांवर घोडं ठेवलं की ते बिघडतं. कोंड्यात स्फुरद (फॉस्फरस) भरपूर, कॅल्शियम नावाला, आणि पेंढ्यातलं ऑक्झलेट तेवढंही अडवून धरतं. मग शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं, जबड्याची हाडं सुजून चेहरा फुगतो, चाल बिघडते. वरून कुणी म्हणायचं, “घोडं भरलंय!” कुळीथ हे खरं कोकणचं धान्य. पण ते भिजवून, शिजवूनच द्यायचं, आणि पाणी आधी, चंदी नंतर. भरल्या पोटी घोड्यानं घटाघटा पाणी प्यायलं तर पोटशुळाची भीती, आणि घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे आत गेलेलं परत येण्याची वाटच नसते.

किनाऱ्यावर आणखी एक दुखणं आहे. चारा वाळूवर टाकला की घोडं त्याबरोबर वाळूही खातं आणि ती आतड्यात साचते. म्हणून दाणा तोबऱ्यातच, म्हणजे तोंडाला बांधलेल्या पिशवीत. शंका आली तर लिदीचे चार-सहा गोळे बादलीभर पाण्यात ढवळून थांबायचं. तळाशी वाळू बसली तर समजून घ्यायचं.

(पडद्यावर : नालबंदाचे हात, कानस, खिळे.)

नाल महिना-दीड महिन्यानं बदलावी लागते, कारण खूर दरमहा साधारण एक सेंटिमीटर वाढतं. एका नालेला सहा ते आठ खिळे, ते सगळे कडेच्या मेलेल्या भिंतीत. खिळा जरा आत गेला की जिवंत भागाला टोचतो, घोडं त्याच दिवशी किंवा दोन दिवसांनी पाय टेकेनासं होतं. नालबंद नसेल तर तबेला चालवता येत नाही, हे गणित रिक्षा आली तेव्हाच उलगडलं. टांगे कमी झाले, नालबंदाचं पोट भरेना, तो दुसऱ्या धंद्यात गेला, आणि उरलेल्या टांगेवाल्यांचीही अडचण झाली. मुंबईत व्हिक्टोरिया घोडागाड्या २०१५ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानं बंद करायचं ठरलं. इथं आदेशाची गरजच पडली नाही.

टांग्याला दोनच चाकं, म्हणून भार आसावर तोलावा लागे. माणसं मागे बसली तर दांड्या वर उठून पोटाखालचा पट्टा ओढला जातो, पुढे सरकली तर सगळं वजन पाठीवर. “पुढं सरका” किंवा “मागं या” हे टांगेवाल्याचं ओरडणं त्यासाठी होतं.

आजही ओहोटीत अलिबागच्या कुलाबा किल्ल्याकडे घोडागाडी जाते. वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही. परत आल्यावर गोड्या पाण्यानं पाय, पट्टे, बकला आणि आस धुवावे लागतात. खारं पाणी तसंच सुकलं तर चामडं तडकतं, नालेचे खिळे गंजतात आणि नाल वेळेआधीच सुटते.