एका बिटातून चोवीस बिट: नॉइज शेपिंगबद्दल थोडं

(नागपुरात इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांसमोर झालेलं व्याख्यान, थोडं कापून-छाटून.)

मागचे पोट्टेहो पुढं या, फळ्यावर आकडे लिहिणार आहे अन् माझं अक्षर बारीक आहे. इतवारीतल्या किराणा दुकानातला काटा घ्या नाहीतर कळमन्याच्या अडतीवरचा मोठा प्लॅटफॉर्म काटा घ्या, आत लोडसेल (वजनाचं व्होल्टेज करणारा सेन्सर) असतो आणि पूर्ण वजन टाकलं तरी तो देतो काही मिलिव्होल्ट. एवढ्याशा व्होल्टेजचे हजारो भाग पाडायचे! प्रोजेक्टसाठी तुम्ही एचएक्स ७११ चं मॉड्यूल आणता, त्यावर २४ बिट लिहिलेलं असतं. हा डेल्टा-सिग्मा जातीचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारी चिप. या जातीत प्रत्यक्ष मोजणारा भाग कित्येकदा फक्त एका बिटाचा असतो, म्हणजे तो हो म्हणतो किंवा नाही म्हणतो, बस. मग बाकीचे बिट येतात कुठून?

पाठ्यपुस्तकातलं सूत्र तुम्हाला पाठच असेल, सिग्नल आणि नॉइज (मोजण्यातली चूक) यांचं गुणोत्तर म्हणजे ६.०२ गुणिले बिट, अधिक १.७६, इतके डेसिबल. म्हणजे खरे २४ बिट हवे तर १४६ डेसिबल, जे नुसते रेझिस्टर जुळवून कोणी देऊ शकत नाही. दुसरा उपाय, सॅम्पलिंग, म्हणजे परत परत मोजणं, जोरात करा आणि सरासरी घ्या. पण वेग दुप्पट केला की मिळतात ३ डेसिबल, म्हणजे अर्धा बिट. एका बिटावरून १६ वर जायचं तर वेग लागेल ४ चा १५ वा घात, जवळपास १०७ कोटी पट. झालं कल्याण.

आता गंमत बघा. तुम्ही भाजीवाल्या काकूंकडून रोज ३ रुपयांचा सांबार (कोथिंबीर) घेता, पण देणंघेणं फक्त १० च्या नोटेत. वही नसेल तर ३ हे शून्याच्या जवळ, म्हणून रोज शून्य, महिनाभर काकूंना छदाम नाही. वही ठेवली तर? पहिल्या दिवशी ३ बाकी. दुसऱ्या दिवशी ६ झाले, पाच किंवा त्याच्या वर गेले की नोट, म्हणून नोट दिली, आता ४ जास्त गेले. तिसऱ्या दिवशी १ जास्त, चौथ्या दिवशी २ बाकी, पाचव्या दिवशी बरोबर ५, द्या नोट. असं करत नवव्या दिवशी तिसरी नोट जाते आणि दहाव्या दिवशी हिशोब शून्य. ०, १, ०, ०, १, ०, ०, ०, १, ०. दहात तीन एक! एकेका दिवसाचं उत्तर साफ चुकीचं, पण चूक कधी ५ च्या पुढं गेली नाही आणि साठतही नाही.

हीच वही म्हणजे सर्किटमधला इंटिग्रेटर (बाकी साठवत जाणारा भाग) आणि फीडबॅक (आउटपुट मागे वळवून वजा करणं). आउटपुटमध्ये जी चूक उरते ती असते आजची चूक वजा कालची चूक. सावकाश बदलणाऱ्या सिग्नलसाठी ही वजाबाकी शून्याकडे जाते, आणि सॅम्पलिंगच्या अर्ध्या वेगाजवळ दुप्पट होते. म्हणजे नॉइज कमी झाला का? नाही राजेहो, उलट एकूण पॉवर दुप्पट झाली! फक्त आपल्या कामाच्या फ्रिक्वेन्सी पट्ट्यातून उचलून वर ढकलली, हेच नॉइज शेपिंग. दोन इंटिग्रेटर लावले तर एकूण सहापट, पण खालचा पट्टा अजून स्वच्छ. आता वेग दुप्पट केल्यावर ३ ऐवजी पहिल्या ऑर्डरला (जितके इंटिग्रेटर तितकी ऑर्डर) ९ आणि दुसरीला १५ डेसिबल मिळतात, म्हणजे अडीच बिट.

कल्पना जुनी आहे, बेल लॅब्सच्या कटलरनं १९५४ ला पेटंटसाठी अर्ज केला होता आणि १९६२ ला टोकियोत इनोसे आणि यासुदा यांनी आजचं डेल्टा-सिग्मा रूप मांडलं. पण वर ढकललेला नॉइज छाटायला डिजिटल फिल्टर लागतो, आणि तो चिपवर स्वस्तात बसायला पुढची वीसेक वर्षं गेली. ऑर्डर वाढवत बसा असंही नाही, एका बिटाच्या लूपमध्ये तिसरीपासून पुढं तो बिघडून ओव्हरलोड होऊ शकतो. म्हणून जपानच्या एनटीटीनं १९८७ ला मॅश काढला, छोटे स्थिर लूप एकामागे एक, पुढच्यानं मागच्याची चूक मोजायची. मला वैयक्तिक हा प्रकार फार आवडतो, पण त्यात अॅनालॉग आणि डिजिटल भागांचं जुळणं नीट पाहिजे, नाहीतर पहिल्या टप्प्याचा नॉइज गळतो.

अजून एक कटकट. वरचा दहा दिवसांचा पॅटर्न बघा, इनपुट ३ वरच राहिलं तर तोच परत परत येईल, आणि परत परत येणारी गोष्ट म्हणजे टोन. ऑडिओत ती शिट्टी ऐकू येते. त्यावर उपाय उलटा वाटतो, मुद्दाम थोडा रँडम नॉइज मिसळायचा, ज्याला डिदर म्हणतात.

मघाशी एकानं विचारलं होतं की एकाच एचएक्स ७११ वर दोन सेल लावून चॅनल भराभर बदलले तर वाचन चुकतं काहून. फिल्टरला आठवण असते ना! सेकंदाला १० वाचनं या सेटिंगवर त्याला स्थिर व्हायला ४०० मिलिसेकंद लागतात, ८० वर ५०. चॅनल बदलला की तेवढा वेळ थांबा, मगच वाचन घ्या. आणि घाई असेल तर दोन चिप लावा, स्वस्त आहेत.